आधी काटा, मग बाजार: मिररलेस कॅमेऱ्यासाठी परवडणारा गिम्बल निवडताना

माझा पहिला गिम्बल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली मूठ, मी फक्त किंमत बघून घेतला. खोक्यावर ‘मिररलेस कॅमेऱ्यासाठी’ असं छापलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मे महिन्यातलं लग्न, पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं तसा मी स्टेजच्या कडेने हळूहळू पुढे सरकायला लागलो. वाजंत्री, टाळ्या, अंतरपाट बाजूला, आणि नेमकं त्याच क्षणी मोटरने मान टाकली. रेकॉर्डिंगमध्ये नवरा-नवरी नाहीतच. सतरंजीवर सांडलेल्या अक्षता आहेत, आणि भटजींच्या पायाचा अंगठा.

घरी आल्यावर कॅमेरा जसा लग्नात होता तसाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. बॉडी, लेन्स, फिल्टर, वरचा माइक, खालची प्लेट मिळून ८६० ग्रॅम. गिम्बल पाऊण किलोपर्यंतचा. चूक कंपनीची नव्हती. पाच मिनिटं काट्यासमोर उभं राहायचा कंटाळा मी केला होता. म्हणून कुणी ‘स्वस्तातला चांगला गिम्बल सांगा’ म्हटलं की मी आधी विचारतो, ‘तुमच्या कॅमेऱ्याचं वजन किती?’ बहुतेकांना माहीत नसतं.

गिम्बल लागतोच का?

गिम्बल काय करतो आणि काय करत नाही, हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. त्यात तीन मोटरा असतात: एक कॅमेरा डावी-उजवीकडे वळवते, एक वर-खाली झुकवते, एक आडवा कललेला कॅमेरा सरळ करते. सेन्सर हाताचा हेलकावा ओळखतो आणि मोटर तेवढंच उलट्या दिशेने वळते. म्हणजे गिम्बल सावरतो तो कॅमेऱ्याचा कल. चालताना अख्खा कॅमेरा पावलागणिक जो वर-खाली उचलला जातो, तो धक्का त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तो तुमच्या गुडघ्यांनी झेलायचा असतो. गिम्बल घेतल्यावर ‘तरी फूटेज उसळतंय’ म्हणून रडणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार इथली असते.

तुमचं काम एका जागी उभं राहून मुलाखती, भाषणं, कीर्तन किंवा नाटक शूट करायचं असेल तर मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्या. गिम्बलच्या पाव किमतीत येतो आणि हातही दुखत नाही. बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हेलकावे सावरायची सोय, असेल तर हातात धरून उभ्याने घेतलेले शॉट बहुतेक वेळा निभावतात. सोनीच्या झेडव्ही-ई१०सारख्या बॉडीत चित्र टिपणारा सेन्सर हेलकावे सावरायला हलत नाही, पण ती व्हिडिओबरोबर जायरोची, म्हणजे कॅमेरा कधी किती वळला याची, नोंद ठेवते. सोनीचंच कॅटलिस्ट ब्राउज किंवा फुकट मिळणारं जायरोफ्लो वापरून फूटेज नंतर स्थिर करता येतं. मात्र त्यात चित्राच्या कडा कापल्या जातात, शिवाय शूट करताना शटर वेगवान ठेवावं लागतं, नाहीतर चित्र स्थिर होऊनही आत धूसर थरथर उरते. एखाद-दुसऱ्या शॉटसाठी हा उपाय झकास आहे. दिवसभराच्या लग्नाला नाही. वरातीसोबत उलटं चालायचं असेल, घर-बंगल्यांचे व्हिडिओ करायचे असतील, हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून एका दमात शॉट घ्यायचा असेल, तर मात्र गिम्बलला पर्याय नाही.

काट्यावर काय ठेवायचं

नुसती बॉडी नव्हे. तुमची सगळ्यात जड लेन्स, बॅटरी, कार्ड, फिल्टर, माइक, वायर, पिंजरा (कॅमेऱ्याभोवतीची चौकट) वापरत असाल तर पिंजरा, आणि कॅमेरा जिच्यावर बसतो ती गिम्बलची प्लेट. प्लेट हातात नसेल तर अंदाजाने पन्नास ग्रॅम धरा. पट्टा काढून ठेवा, तो गिम्बलवर लागत नाही.

आकडे किती झपाट्याने चढतात ते पाहा. झेडव्ही-ई१० बॅटरी-कार्डासकट ३४३ ग्रॅम, सोबत येणारी १६-५० किट लेन्स ११६ ग्रॅम. अर्धा किलोही नाही. त्याच बॉडीवर सिग्माची १६ एमएम एफ/१.४ चढवली की लेन्सच ४०५ ग्रॅमची, म्हणजे बॉडीपेक्षा जड. एकूण ७४८, आणि अजून माइक लावायचाय. सोनीचाच ए६४०० (४०३ ग्रॅम) आणि सिग्माची १८-५० एफ/२.८ (२९० ग्रॅम) ही माझ्या मते छोट्या गिम्बलसाठी सगळ्यात सोयीची जोडी: सातशेच्या आत, आणि लेन्स आखूड. फुल फ्रेमकडे, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे, गेलात की सोनीचा ए७ फोर ६५८ ग्रॅम आणि टॅमरॉनची २८-७५ दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅम, म्हणजे जवळपास बाराशे. त्यावर सोनीची जुनी २४-७० जीएम (८८६ ग्रॅम) लावली तर दीड किलो ओलांडला.

आता जो आकडा आला तो गिम्बलच्या कमाल क्षमतेच्या साधारण दोन-तृतीयांश असावा. हा माझा अनुभवाचा हिशेब आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. क्षमतेच्या काठावर चालणारा गिम्बल सकाळी बरा वागतो आणि दुपारी तापतो. बॅटरी लवकर उतरते आणि लेन्स जराशी झूम केली की थरथर सुरू होते. दुसरीकडे, अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्यासाठी साडेचार किलो पेलणारा घेऊन मिरवण्यातही अर्थ नाही. त्याचं स्वतःचं वजन कोण उचलणार? हळदीपासून पाठवणीपर्यंत दहा तास तोच दंड आहे.

वजनाइतकाच लेन्सच्या लांबीचा प्रश्न असतो, आणि तो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. लेन्स लांब आणि पुढे जड असेल तर कॅमेरा मागे सरकवून तोल साधावा लागतो. छोट्या गिम्बलच्या पट्टीवर तेवढी जागाच नसते. वजन मर्यादेत, पण कॅमेरा नाक खाली घालूनच बसतो, असा प्रकार होतो. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर सुसंगत कॅमेऱ्यांची यादी असते ती उघडा आणि नुसती बॉडी नव्हे, तुमची बॉडी-लेन्सची जोडी तिथे आहे का ते बघा. ती नसेल तर दुकानात लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाजारात काय आहे

परवडणाऱ्या वर्गात मी आज कुणाला डोळे मिटून सुचवीन तर डीजेआयचा आरएस ३ मिनी. जानेवारी २०२३मध्ये आला, वजन ७९५ ग्रॅम, पेलतो २ किलो. दोन-तृतीयांशच्या हिशेबाने तेराशे ग्रॅमपर्यंतचा कॅमेरा निवांत चालतो, म्हणजे एपीएस-सी (लहान सेन्सर) वाले बहुतेक सगळे आणि फुल फ्रेमवाले बरेचसे त्यात बसले. कॅमेऱ्याशी ब्लूटूथने जोडला जातो, त्यामुळे रेकॉर्डचं बटण गिम्बलच्या मुठीवरूनच दाबता येतं, मध्ये लोंबणारी वायर नाही. उणं म्हणजे बॅटरी मुठीतच बंद आहे, उतरली की बदलता येत नाही. कंपनी दहा तास म्हणते, तेवढे कधी मिळतात, कधी नाही. आणि भुजा जागच्या जागी अडकवणारी तिन्ही कुलपं हाताने लावावी-काढावी लागतात. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याचाच धाकटा भाऊ आरएस ४ मिनी आला: ८९० ग्रॅम, क्षमता तीच २ किलो, पण चालू-बंद करताना कुलपं आपोआप उघडतात आणि लागतात. एका शूटमध्ये दहा वेळा गिम्बल खाली ठेवणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, ते वापरल्याशिवाय कळत नाही. नवीन मिनी आल्यावर जुना मिनी उतरत्या भावात मिळत असेल तर मात्र मी जुनाच घेईन आणि उरलेल्या पैशांत चांगला एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच).

झियुनचा वीबिल ३ जरा वेगळ्या विचाराचा आहे. त्याला मनगटाला टेकू देणारा आधार आणि मागून दुसऱ्या हाताने धरायची मूठ आहे, शिवाय माइक आणि छोटा दिवा अंगचाच. तो माइक संदर्भापुरता, खऱ्या आवाजासाठी नाही. आधार मात्र खरोखर कामाचा आहे, खांदा दुखणाऱ्यांनी तो हातात धरून बघावाच. फेयूटेकचे एके२०००सी (२.२ किलो) आणि स्कॉर्प-सी (२.५ किलो) किमतीच्या मानाने भरपूर देतात. ते घेण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याचं बटण त्यावरून चालतं का आणि त्यासाठी कोणती वायर लागते, हे विचारून घ्या. वायर खोक्यात आहे असं गृहीत धरू नका.

सेकंडहँडमध्ये डीजेआयचा रोनिन-एससी (२०१९, २ किलो) आणि आरएससी २ (२०२०, ३ किलो) अजून हिंडत असतात. आरएससी २ चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका. झियुनचा जुना वीबिल एस (२०१९) १८६५० जातीच्या दोन सेलवर चालतो. सेल बदलता येतात हे त्याचं भाग्य. बंदिस्त बॅटरीचा जुना गिम्बल घेणं म्हणजे बॅटरी किती जगेल यावर जुगार.

मोबाइलवाले गिम्बल यात आणू नका. ‘छोटा कॅमेरापण चालतो’ असं विक्रेता म्हणेल. चालतो, तुमचा नाही.

चेहऱ्याचा पाठलाग करणारा सेन्सर, रंगीत पडदा, तीनशे साठ अंशांत गरगर फिरवणारा मोड, यांवर मी पैसे टाकणार नाही. फिरणारा शॉट लोक पहिल्या आठवड्यात करतात आणि मग विसरतात. उभं शूटिंग मात्र बघा. आता प्रत्येक गिऱ्हाईक लग्नाच्या व्हिडिओसोबत रील मागतं, आणि कॅमेरा प्लेटसकट उभा बसवता येतो की वेगळा जोड विकत घ्यावा लागतो, हे आधी कळलेलं बरं.

विकत घेण्याआधी

शक्य असेल तर दोन दिवस भाड्याने आणा. शहरांत कॅमेरे भाड्याने देणाऱ्यांकडे गिम्बल असतातच. एका दिवसाचं भाडं म्हणजे पुढच्या पस्तावण्याच्या मानाने किरकोळ रक्कम. दुकानात घ्यायचा असेल तर स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स सोबत न्या. मुंबईत सीएसएमटीसमोर बोरा बाजारात शिरलात तर एका गल्लीत चार दुकानांत भाव विचारून होतो. तिथे ‘साहेब, उघडलं की परत नाही’ हे वाक्य ऐकायला मिळेल. त्यावर शांतपणे म्हणा की नमुन्याच्या पीसवर माझा कॅमेरा लावून दाखवा. दाखवत नसेल तर पुढचं दुकान.

वॉरंटी कुणाची, हा एकच प्रश्न दोनदा विचारा. कंपनीची, आयातदाराची की नुसती दुकानाची? बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय हजार-दोन हजार वाचतात खरे, पण मोटर गेली की गिम्बल कुणाकडे न्यायचा याचं उत्तर त्या वाचलेल्या पैशांत मिळत नाही.

सेकंडहँड तपासताना बंद अवस्थेत तिन्ही कुलपं काढा आणि प्रत्येक भुजा बोटाने हळू फिरवा. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली पाहिजे. कुठे अडखळली, करकरली, तर परत करा. मग कॅमेरा लावून चालू करा, सपाट टेबलावर पाच मिनिटं ठेवा आणि पडद्यावर खिडकीची चौकट धरा. चौकट हळूहळू तिरकी होत गेली तर आधी कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची जुळवणी, करायला लावा. त्यानंतरही तिरकी होत असेल तर नमस्कार करा. ॲपला जोडला जातो का, तेही तिथेच बघा. आणि मालकाला सहज विचारा, विसर्जनात वापरलाय का? गुलाल आणि जेजुरीचा भंडारा हे मोटरांचे वैरी. सांध्यात रंग दिसला तर आतही गेलेला असतो.

तोल साधणं: इथे घाई नको

गिम्बल बिघडलाय म्हणून मला फोन येतात, त्यात बहुतेक वेळा तोल चुकलेला असतो. गिम्बल म्हणजे तागडी. दोन्ही पारडी सारखी असतील तर मोटरला फक्त राखण करायची असते. पारडं एका बाजूला झुकलेलं असेल तर तीच मोटर हमाली करते.

आधी कॅमेरा शूटला जातो तसा सजवा: बॅटरी, कार्ड, फिल्टर, माइक, लेन्सचं टोपण काढलेलं, बाजूला उघडणारी स्क्रीन असेल तर ती उघडलेली. सोनीची १६-५० किट लेन्स कॅमेरा चालू केल्यावर बाहेर येते, म्हणून कॅमेरा चालू ठेवूनच तोल साधा. गिम्बल मात्र बंद. प्लेटचा स्क्रू नाण्याने घट्ट पिळा. बोटाने आवळलेला स्क्रू वरातीत सैल होतोच.

मग वर-खाली झुकवणारं कुलूप काढा आणि लेन्स समोर धरा. लेन्स खाली पडत असेल तर कॅमेरा मागे सरकवा, आभाळाकडे जात असेल तर पुढे. एकेक मिलिमीटर. ती स्थिरावली की लेन्स छताकडे करून हात सोडा. आता ती एखाद्या बाजूला लवंडली तर प्लेटची उंची कमी-जास्त करायची. ही पायरी लोक खुशाल गाळतात, आणि मग कॅमेरा सरळ असताना सगळं ठीक आणि झुकवला की थरथर. त्यानंतर आडवा कल: कॅमेरा डावीकडे कलत असेल तर उजवीकडे सरकवा, आणि उलट. शेवटी मुठीची भुजा. गिम्बल तिरका धरा, वरचा भाग आपोआप झुलून खाली गेला तर त्या भुजेची लांबी बदला. कुठल्याही कोनात हात सोडला आणि कॅमेरा तिथेच राहिला, की झालं. यानंतरच गिम्बल चालू करा आणि मोटरांची ताकद त्याला स्वतःला ठरवू द्या, ऑटो ट्यून किंवा तत्सम नावाने मेनूत असतं. कॅमेरा न लावता गिम्बल कधीच चालू करू नका.

पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला होता, आता तीन मिनिटं. त्याचं श्रेय बायकोच्या नेलपेंटला. एकदा तोल जमला की प्रत्येक पट्टीवर, प्लेट जिथे थांबली तिथे, एक ठिपका देऊन ठेवलाय. लाल ठिपका १६ एमएमचा, गुलाबी १८-५०चा. कार्यालयात लेन्स बदलली की ठिपक्याला ठिपका जुळवायचा आणि कामाला लागायचं.

झूम लेन्स लांब-आखूड होणारी असेल तर तोल रुंद टोकाला साधा आणि गिम्बलवर झूम करण्याचा मोह आवरा. जवळ जायचं असेल तर पायांनी जा. एचडीएमआयची वायर शक्य तितकी टाळा. ताठ वायर कॅमेऱ्याला ओढत राहते आणि मोटर तिच्याशी भांडत बसते.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

बॉडीतलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन, सोनीत ज्याला ॲक्टिव्ह म्हणतात, ते बंद करा. गिम्बल सावरतोय आणि कॅमेराही सावरतोय, अशा वेळी दोघांचं जमत नाही. सेन्सर हलणाऱ्या बॉडीवर अतिरुंद लेन्स लावली असेल तर चालताना चित्राचे कोपरे जेलीसारखे हलतात. तिथे तेही बंद करून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० आणि ५० फ्रेमला १/१००. कार्यालयातल्या दिव्यांचे पट्टे बहुतेक जातात आणि हालचालही डोळ्याला नैसर्गिक दिसते. बाहेर उन्हात हेच शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर हवाच. मोटरांची बारीक गुणगुण कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये येते. मंगलाष्टकं आणि भाषणांसाठी वेगळा वायरलेस माइक लावा.

मोडमध्ये सुरुवातीला एकच पुरे: कॅमेरा डावी-उजवीकडे तुमच्यामागे वळेल पण वर-खाली झुकणार नाही, तो पॅन फॉलो. पायऱ्या चढताना, दागिन्यांवरून चेहऱ्याकडे जाताना झुकणारा मोड घ्या. हाताच्या मागोमाग कॅमेरा वळण्याचा वेग कमी ठेवा. वेग जास्त असला की तुमच्या हाताची प्रत्येक चलबिचल गिम्बल इमानाने नोंदवतो.

आणि चालणं

डोक्यावर भरलेली कळशी घेऊन विहिरीवरून येणारी बाई आठवते? गुडघे किंचित वाकलेले, पाऊल टाचेकडून बोटांकडे लोळवत टाकलेलं, कमरेखाली सगळी हालचाल आणि कमरेवर सगळं शांत. गिम्बल घेऊन अगदी तसंच चालायचं. कोपर अंगाला, दोन्ही हात मुठीवर, पावलं छोटी. मी गच्चीवर बायकोची तुळस मध्ये ठेवून आठवडाभर तिच्याभोवती फिरलो. शेजारच्या काकूंनी खाली येऊन विचारलं, ‘काही नवस केलाय का?’ उलटं चालण्याचा सराव मात्र एकट्याने करू नका. शूटवर माझा पोऱ्या माझ्या कमरेच्या पट्ट्याला मागून धरून असतो, आणि पायरी आली की दोनदा ओढतो.

पावसाळी वरातीत गिम्बल पिशवीतच बरा, बहुतेक स्वस्त गिम्बल पाण्याला तोंड देत नाहीत. गुलाल उडणार असेल तर सांध्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळतात काही जण. मला ते मोटरच्या आड येतं म्हणून पटत नाही, मी हाताने शूट करतो. चुकून रंग लागलाच तर ओलं फडकं लावू नका, हवेच्या फुग्याने उडवा आणि मग कोरड्या ब्रशने झाडा. विमानाने जाणार असाल तर गिम्बलची बॅटरी, बंदिस्त असेल तर अख्खा गिम्बलच, हातातल्या बॅगेत ठेवा.

परवा एका मुलाने विचारलं, पंचवीस हजार आहेत, कुठला घेऊ? त्याच्याकडे ए६४०० आणि किट लेन्स. म्हटलं, पुढच्या वर्षी कुठली लेन्स घेणार आहेस? म्हणाला, सिग्माची १६. ‘मग तिचं वजन धरून बोल,’ म्हटलं. त्याने तिथेच मोबाइलवर बेरीज केली: ४०३, ४०५, माइक आणि प्लेटचे शंभर. नऊशे आठ. खिशात दुसऱ्या एका गिम्बलच्या जाहिरातीचा कागद होता, क्षमता एक किलो. त्याने तो घडी करून परत खिशात ठेवला आणि सेकंडहँड आरएससी २ कुठे मिळेल ते विचारलं.